गार पाय

माणसाचा इतिहास हा त्याच्या गुडघ्यांचा इतिहास आहे. साम्राज्यं उभी राहिली ती कुणीतरी गुडघे टेकले म्हणून, आणि कोसळली ती पुढे कुणाला तरी टेकवेनात म्हणून. हा विचार क्लेमेंट कोरियाला सुचला तेव्हा तो अंधेरीतल्या एका हाडांच्या दवाखान्यात, उजव्या पायाची पँट मांडीपर्यंत गुंडाळून, निळ्या रेक्झिनच्या टेबलावर बसला होता आणि त्याच्या डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक पडलेलं होतं. विचाराचा पुढचा भाग सुचेपर्यंत अंगठा बाहेर आला. तो त्याने दुसऱ्या पायाखाली दडवला. समोर डॉक्टर मानसी नावाची तीस-बत्तीस वर्षांची बाई त्याच्या गुडघ्याला थंडगार कापसाने पुसत होती आणि पुसता पुसता कंपाउंडरला जेवणाचा डबा गरम करायला सांगत होती. मग तिने ट्रेमधून एक बाटली उचलली. करंगळीएवढी, तळाशी पांढरा गाळ बसलेली. मनगटाला झटका देऊन तिने ती दोनदा हलवली, थांबली, मग आणखी एकदा हलवली, आणि बाटलीतलं पाणी दुधासारखं झालं. दोनदा, थांबून, एकदा. बाटलीवरचं नाव वाचायची गरज नव्हती. गोरेगावच्या घोडेस्वारीच्या क्लबात तो बत्तीस वर्षं तबेल्याचा सुपरवायझर होता, आणि हे दूध त्याने ज्या ज्या गुडघ्यांत जाताना पाहिलं होतं त्यांतल्या एकालाही दोन पाय नव्हते.

"हे घोड्यांचं आहे," तो म्हणाला.

"काय?"

"हे औषध. घोड्यांच्या सांध्यात मारतात."

"माणसांच्याही मारतात, अंकल. स्टेरॉइड आहे. सूज उतरेल, दुखायचं थांबेल."

"आणि हाडाचं काय?"

"एका इंजेक्शनने हाडाला काही होत नाही. सारखी सारखी घेतली तर आतली गादी झिजते, म्हणून आम्ही जपून देतो. चार दिवस शुगर जरा वर जाईल, तेवढंच."

"आणि आत आधीच काही तडकलेलं असेल तर?"

"एक्स-रे काढलाय ना. काही तडकलेलं नाही."

"दुखायचं थांबल्यावर पुढचं तडकलेलं कळणार कसं?"

डॉक्टर मानसीने सुई हवेत धरून त्याच्याकडे पाहिलं. असे म्हातारे तिला दिवसाला चार भेटत असावेत. "अंकल, शनिवारी तुम्हाला विहिरीपर्यंत नाचत जायचंय ना? एल्रॉय बोलला मला. दोन दिवस जरा आराम करा, शनिवारपर्यंत एकदम झकास."

इथे क्लेमेंटने गुंडाळलेली पँट खाली सोडली. बाथरूमला जाऊन येतो म्हणाला, बूट हातात घेतले, आणि बाथरूमवरून पुढे जिन्यावरून खाली उतरला. लिफ्ट होती, पण लिफ्टमध्ये माणूस पकडला जातो. उतरताना प्रत्येक पायरीला गुडघ्याने तक्रार केली, आणि आज पहिल्यांदा त्याला ती तक्रार ऐकून बरं वाटलं. निदान एक जण तरी खरं बोलत होता.

रिक्षात बसल्यावर त्याने आधी बूट घातले आणि मग संशय घ्यायला सुरुवात केली. एल्रॉयने हिला शनिवारचं का सांगितलं? तो स्वतः तर बोलला नव्हता. म्हणजे दोघांचं आधीच ठरलं होतं. एल्रॉय हा त्याचा मुलगा, एका विमा कंपनीत नोकरीला, रविवारी त्याचं लग्न. पोरगा तसा चांगला, बापाच्या गुडघ्याची एवढी काळजी त्याने यापूर्वी कधी केली नव्हती हाच त्यातला वाईट भाग. गेल्या दोन वर्षांत क्लेमेंट जिना चढताना कण्हला, चर्चमध्ये सगळे गुडघ्यावर असताना एकटा बाकावर बसून राहिला, तेव्हा एल्रॉय म्हणायचा, डॅडी, वय झालं आता. आणि लग्नाला पाच दिवस उरले असताना अचानक अपॉइंटमेंट, रिक्षा, रिपोर्टची फाइल, सगळं तयार. तबेल्यात ज्या घोड्याच्या पायाकडे वर्षभर कुणी बघत नाही त्याच्या ठाणाशी शर्यतीच्या आठवड्यात माणसांची रीघ लागते. येतात, हात मागे बांधून उभे राहतात, पायांकडे बघतात. तोंडाकडे कोणी बघत नाही. घरी गेले पंधरा दिवस हेच चाललं होतं. चहा देताना बायकोची, ल्युसीची, नजर आधी त्याच्या गुडघ्यावर. होणारी सून ॲश्ली आली, "हाय अंकल" म्हणाली, तीही गुडघ्यालाच. काल बँडवाला सुपारी घ्यायला आला तर त्यानेसुद्धा वाकून बघितलं. क्लेमेंटला वाटलं, आता हा जबडा उघडून दात मोजणार.

मरोळच्या त्यांच्या गावठाणात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्याच्या अंघोळीचं, उंबराचं पाणी आणायला विहिरीवर जायचं असतं. पुढे बँड, मग नवऱ्याची आई डोक्यावर तांब्याचा घडा घेऊन, तिच्यावर छत्री, मागे सगळं गाव. कोरियांच्या घरात आणखी एक भर होती: नवऱ्याच्या बापाने बँडच्याही पुढे नाचत जायचं, जाताना आणि येताना. क्लेमेंटच्या बापाने हे केलं होतं, त्याच्या बापाने केलं होतं, आणि त्यांच्या काळी विहिरीत पाणीही होतं. आता विहिरीवर लोखंडी जाळी आहे, खाली पाण्याच्या नावाने एक हिरवट शंका आहे, म्हणून दुपारीच नळाचे चार कॅन आत सोडलेल्या एका बादलीत ओतून ठेवतात आणि संध्याकाळी तेच पाणी डोळ्यांत पाणी आणून वर काढतात. या सगळ्यात खरं काय उरलं होतं, तर बापाचं नाचणं. एल्रॉय म्हणाला होता, "डॅडी, फक्त दोनशे मीटर." अंतर हे नेहमी असंच सांगतात. फक्त दोनशे मीटर, फक्त आठ उड्या, फक्त एक रविवार.

आठ उड्या होत्या. एकोणीस वर्षं झाली. घोडीचं नाव डचेस. रेसकोर्सवर तीन वर्षं पळून, एकदाही पहिल्या पाचांत न येता, क्लबात दान म्हणून आलेली तपकिरी घोडी, कपाळावर पांढरा ठिपका, स्वभावाने एखाद्या सरकारी शाळेतल्या बाईंसारखी. आडवा बार दिसला की नाराजीने उडायची, पण उडायची. ऋता नावाची चौदा वर्षांची मुलगी तिच्यावर बसायची. क्लेमेंटचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. अंधारात ओल्या गवताचा, लिदीचा, भिजवलेल्या हरभऱ्याचा वास, आणि एकेका ठाणात शिरून एकेका पायावरून हात फिरवणं. वरून खाली, गुडघा, मग नळीचं हाड, मग नळीखालचा सांधा, तिथे जरा थांबायचं, मग दुसरा पाय. डावा-उजवा ताडून बघायचे. कुठे ऊब जास्त लागली की समजायचं, आत आग आहे. मग त्या दिवशी त्या घोड्याला सुट्टी. बाकी लोक थर्मामीटर लावायचे, एक्स-रेचे फोटो काढायचे. क्लेमेंटच्या हाताला त्यांच्या आधी दोन दिवस कळायचं. क्लबात म्हणायचेच, कोरियाचा हात म्हणजे कोर्टाचा निकाल. दिंडोशीच्या कोर्टात निकालाला वर्षं लागतात, इथे अर्ध्या मिनिटात लागायचा. घोडे राखणारे सईस लोक आपापल्या घोड्याच्या पायाशी उकिडवे बसून त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. "गार आहे," तो म्हणायचा, आणि खोगीर चढायचं. दोन शब्दांवर साठ घोडे हलायचे. या गोष्टीचा माणसाच्या डोक्यावर परिणाम होत नाही असं म्हणणारा माणूस कधी सुपरवायझर झालेला नसतो.

त्या रविवारी पहाटे डचेसचा पुढचा उजवा पाय गार होता. नुसता गार नाही, माठासारखा. सकाळी दहाला स्पर्धेत तिने चार उड्या घेतल्या, पाचव्या उडीनंतर जमिनीवर आली आणि आवाज झाला. तो आवाज क्लेमेंटने पुढे अनेकदा ऐकला. ल्युसीने शेवग्याची शेंग मोडली की, शेजारी कोणी कॅरमची सोंगटी आपटली की. ऋता वाळूत पडली, तिला खरचटलंही नाही. डचेस तीन पायांवर उभी राहिली, चौथा लोंबत होता, आणि विशेष म्हणजे तिच्या तोंडावर दुखल्याची काही खूण नव्हती. ती नुसती आपल्या पायाकडे बघत होती. जणू कुणाचा तरी दुसऱ्याचाच पाय तिला चुकून लावून दिला होता आणि आता ती तो कुणाचा ते ओळखायचा प्रयत्न करत होती. वीस मिनिटांत हिरव्या ताडपत्रीच्या आडोशाला सगळं उरकलं.

संशय घ्यायला तेव्हापासून सुरुवात झाली, आणि निवृत्तीनंतर त्याला वेळही भरपूर मिळाला. पहिला नंबर डॉक्टर प्रबुद्धचा. क्लबाचा घोड्यांचा डॉक्टर, तेव्हा नवीन, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. त्यानेच त्या रविवारआधीच्या मंगळवारी सांध्यात ते पांढरं दूध सोडलं होतं. दोनदा हलवून, थांबून, एकदा. दुखणं पुसून टाकलं, आत चीर तशीच राहिली, घोडीला पत्ता नाही. पैसे खाल्ले असतील. मग दुसरा नंबर ऋताच्या बापाचा: त्याला कप हवा होता, दिवाणखान्यात काचेचं कपाट आधीच करून घेतलं होतं असं ऐकिवात होतं. आणि तिसरा खंडू. खंडू डचेसचा सईस. त्या रविवारीच दुपारी चौकशी झाली, तेव्हा निकाल खंडूवरच आला. तबेल्यात प्रत्येक ठाणाच्या दाराला एक काळी पाटी असते, तिच्यावर डॉक्टर खडूने लिहून जातो, काय दिलं, काय करायचं. चौकशीला बसलेल्या तिघा मेंबरांनी डचेसची पाटी मागवली, तर ती कोरी. डॉक्टर प्रबुद्ध म्हणाला, मी लिहिलं होतं. खंडू म्हणाला, लिहिलं होतं. मग पुसलं कोणी? पाटी ठाणाची, ठाण सईसाचं. क्लेमेंटला विचारलं. तो म्हणाला, "मी सकाळी पाय बघितला तेव्हा गार होता." हे शंभर टक्के खरं होतं. मेंबरांनी मान डोलावली. खंडूला त्याच संध्याकाळी काढलं.

रिक्षा गावठाणाच्या तोंडाशी थांबली. घरात शिरला तर बाहेरच्या खोलीत मोठी परात, तांदळाच्या पिठाचा ढीग, आणि ल्युसी दोन जावांना घेऊन बसलेली. सुरू असलेलं बोलणं तो आत येताच थांबलं. क्लेमेंटने हेही टिपून ठेवलं.

"इतक्यात आलास? मारली सुई?" ल्युसीने विचारलं, गुडघ्याकडे बघत.

"नाय."

"का?"

"डॉक्टरीण घोड्यांची आहे."

"माणसांची डॉक्टर शोधून काढली तुझ्यासाठी, म्हणे घोड्यांची," ल्युसी जावांना म्हणाली. "बत्तीस वर्षं घोड्यांत राहिला ना, मला पण बायको म्हणून हाक मारायच्या आधी चुचकारतो."

जावा हसल्या. एल्रॉय आतून आला, हातात फोन. डॉक्टरचा फोन येऊन गेला होता हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"डॅडी, तू पळून आलास? बूट हातात घेऊन? अरे यार."

"तुला एवढी घाई कसली रे, मला सुई मारायची?"

"तुला दुखतंय म्हणून. दुसरं काय असणार?"

"दोन वर्षं दुखतंय."

एल्रॉयने फोन खिशात घातला. मग तो म्हणाला, "तू नाचला नाहीस तर लोक बोलणार, पोरगी दुसऱ्या पॅरिशची, परक्या चर्चची आणली म्हणून बाप नाचला नाही. ॲश्लीच्या घरी आत्तापासून विचारतायत. आता खूश? हे आहे."

हे इतकं साधं आणि इतकं खरं वाटणारं कारण होतं की क्लेमेंटचा संशय दुणावला. तो खुर्चीवर बसायला वळला. गुडघ्याने दगा दिला, तोल गेला, आणि सावरायला त्याने हात टेकला तो थेट परातीत. तांदळाच्या पिठात मनगटापर्यंत. ल्युसी म्हणाली, "आता ते सगळं चाळायला लागणार." त्याने हात वर काढला. तळहात पांढरा होता. रेषारेषांत पांढरी भुकटी, बोटांच्या पेरांत, नखांच्या कडेला. त्याने तो नेहमीच्या सवयीने पँटच्या मांडीवर पुसला, आणि पँटवर पाच बोटांचा पांढरा फराटा उमटला, आणि तो त्या फराट्याकडे बघत उभा राहिला. घोडी पायाकडे बघत उभी राहिली होती तसाच.

आठवलं असं म्हणणं खोटं होईल. विसरला होता असं म्हणणं त्याहून खोटं. ती गोष्ट त्याच्यात होती, जसा बाटलीच्या तळाशी पांढरा गाळ बसून असतो, वरचं पाणी स्वच्छ दिसतं. कुणी हलवायचा अवकाश. मंगळवारी सुई मारून झाल्यावर डॉक्टर प्रबुद्धने चष्मा वर सरकवत सांगितलं होतं, "कोरिया, या मोसमातली ही तिसरी. आता बास. सूज उतरेल, पाय गार लागेल, पण गार लागला म्हणजे बरा झाला असं नाही. मला नळीबद्दल शंका आहे. तीन आठवडे ठाणावर, फक्त हातात धरून चालवायची, आणि फोटो काढल्याशिवाय उडी नाही." आणि खडू घेऊन हेच पाटीवर लिहिलं. अक्षर वाईट होतं पण वाचता येत होतं. म्हणजे डॉक्टरने काही लपवलं नव्हतं; तोंडी काय सांगितलं होतं ते चौकशीत त्याला कुणी विचारलंच नाही. ऋताच्या बापाने एकदा फोन केला होता, एवढंच विचारलं होतं की पोरीला दुसरा घोडा देता का. कपाटाचं कुणी तरी मागाहून रचलं असेल, कदाचित क्लेमेंटनेच. रविवारी पहाटे तो डचेसच्या ठाणात शिरला. वाकला, तेव्हा वाकता यायचं. वरून खाली हात नेला. पाचवा दिवस होता, आणि पाय इतका सुंदर गार होता, सांधा इतका घट्ट, नितळ, की त्याला आपल्याच हाताचा अभिमान वाटला. हा डॉक्टर काल कॉलेजातून आला. पुस्तकं वाचून घोडे ओळखतो. मला शिकवतो, गार म्हणजे काय. क्लेमेंट उठला, बाहेर आला, आणि दाराच्या पाटीवरून तळहात फिरवला, वरून खाली, अगदी पायावरून फिरवावा तसा. "गार आहे," तो म्हणाला. "काढा." मग हात पँटला पुसला. सुई खोटं बोलली नव्हती. तिने पाय गार केला, तिचं कामच ते. बाकीचं त्याच्या हाताने केलं, आणि तो हात आत्ता त्याच्या समोर होता, पिठाने माखलेला.

"काय झालं रे?" ल्युसीने विचारलं. यावेळी तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं होतं. गेल्या पंधरा दिवसांत पहिल्यांदाच. त्याला त्याचाही संशय आला.

बुधवारी तो दिवसभर गप्प होता. गप्प माणसाला लग्नघरात फार कामं सांगतात, त्याने छत्रीला लेस लावून दिली, बादलीची दोरी तपासून दिली. मनात चौकशी चालू होती, फक्त आता मेंबरही तोच आणि उभा केलेलाही तोच. स्वतःवर संशय घेण्यात एक अडचण असते, गुन्हेगाराला सगळे प्रश्न आधीच माहीत असतात. तो म्हणायचा, तू जाणूनबुजून केलंस. आणि उत्तर यायचं, पाय गार होता. पाटी का पुसलीस? पाय गार होता. मग खंडूला का जाऊ दिलंस? इथे मात्र गार-गरम काही चालत नव्हतं.

गुरुवारी चारच्या सुमाराला तो कुणाला न सांगता निघाला. खंडू जोगेश्वरीला असतो, लेण्यांच्या अलीकडे, वरातीला घोड्या देतो, एवढं त्याला कुणाकडून तरी कळलं होतं आणि इतकी वर्षं त्या भागातून जाताना त्याने रिक्षावाल्याला लांबच्या रस्त्याने घ्यायला लावलं होतं. पत्र्याची शेड, बाहेर जरीची झूल वाळत घातलेली, आत तीन घोड्या. चौथी पांढरी, दाराशी. खंडू तिच्या आयाळीतून फणी फिरवत होता. केस पांढरे झालेले, बाकी तोच. त्याने वर पाहिलं, आणि पहिली नजर क्लेमेंटच्या पायाकडे गेली. पण ही नजर धंद्याची होती, तिचं वाईट वाटायचं काही कारण नव्हतं.

"उजवा," खंडू म्हणाला. "गुडघा. या साहेब."

चहा आला. चहात साखर फार होती. क्लेमेंटला वाटलं, एवढी साखर कुणी उगाच घालत नाही. एकोणीस वर्षांनी माणूस दारात येतो, आणि हा विचारत नाही का आलास. काहीतरी ठरवून बसला आहे हा. त्याने कप खाली ठेवला.

"खंडू, ती पाटी मी पुसली होती."

खंडूने फणीतले केस काढले, त्यांची गोळी केली, बाहेर टाकली.

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तुम्ही पुसली ते. प्यांटीवर होता ना खडू. पाच बोटं. दिवसभर तशीच घेऊन फिरत होता. चौकशीला बसलात तेव्हा पण होता."

क्लेमेंटला त्या खोलीतलं टेबल दिसलं, तीन मेंबर, आणि टेबलाखाली त्याची स्वतःची मांडी. त्याने ती बघितली होती का? त्यावर हात ठेवून बसला होता का?

"मग बोलला का नाहीस?"

"कोणाला बोलू? तुम्ही साहेब, मी लीद काढणारा." खंडू जरासा हसला. "आणि दुसरं म्हणजे, तुमच्यानंतर मी पण हात लावला होता तिला. खोगीर चढवायच्या आधी. डॉक्टर बोलले तेव्हा पाय मीच धरलेला, सगळं ऐकलेलं. तरी हात लावला आणि वाटलं, साहेब बरोबर बोलतात, गार आहे. पट्टा मीच आवळला. मग मी कुठल्या तोंडाने बोलणार, तुम्हीच सांगा."

क्लेमेंट जे घेऊन आला होता ते इतक्या सहज कुणी हातातून काढून घेईल, अर्धं आपल्याकडे ठेवून घेईल, अशी त्याची तयारी नव्हती. त्याने शिव्यांची तयारी केली होती. दार तोंडावर लावून घेतील याची केली होती. रिक्षात त्याने दोन वाक्यं पाठही केली होती, ती आता कुठे बसेनात.

"तुझी नोकरी गेली," तो म्हणाला.

"गेली की. दोन वर्षं वाईट गेली. बायको माहेरी होती. ते आहेच, ते काय पुसता येणार आहे का." खंडूने हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं की क्लेमेंटला मान खाली घालायला लागली. मग खंडूने विचारलं, "तुम्ही गुडघ्यात सुई मारून घेतली नाही का? आजकाल देतात माणसांना पण."

"मंगळवारी देत होते. पळून आलो."

"का? एक सुई चालते की. तीन आठवडे ठाणावर बसायचं मग."

"शनिवारी नाचायचंय. पोराचं लग्न आहे, बँडपुढे."

खंडूने विचार केला. "मग नका घेऊ. लंगडत नाचा. बँडवाल्याला सांगा, ठेका तसा धर. लोकांना वाटेल, जुनी चाल आहे तुमच्या घरातली."

क्लेमेंट हसला. हसताना डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने त्याच हाताने पुसलं. आणि लगेच त्याला संशय आला, जुना, सवयीचा, जवळजवळ मायेचा: हा इतका चांगला का वागतोय? "खंडू, खरं सांग. काय पाहिजे तुला?"

खंडू उठला. पांढऱ्या घोडीच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला.

"एक काम होतं. हिला मागच्या आठवड्यात आणली. आणायच्या आधी एक दिवस लंगडताना बघितलेली मी, लांबून. मग घ्यायला गेलो तर सरळ चालली. उद्या मुलुंडला वरात आहे, नवरदेव नव्वद किलोचा, वर डोक्यावर फेटा. मी रोज हात लावतो, डावा पुढचा, गार लागतो. जरा जास्तच गार लागतो. मला माझ्या हाताचा भरवसा नाही राहिला, साहेब. त्या दिवसापासून नाही. तेवढा एकदा तुम्ही हात लावून बघा ना."

क्लेमेंटने स्वतःच्या तळहाताकडे बघितलं. घोडीने मान वळवून त्याच्याकडे बघितलं, तीही फारशा विश्वासाने नाही. "माझ्या हाताचा भरवसा आहे तुला?"

"नाही," खंडू म्हणाला. "पण तुम्हाला आता संशय घेता येतो."

"गार लागला तर उद्या तिला काढायची नाही," क्लेमेंट म्हणाला. "गरम लागला तरी नाही. डॉक्टर प्रबुद्धला फोन कर. फोटो काढल्याशिवाय नाही. पाटी आहे का तुझ्याकडे?"

"पाटी कुठली. मोबाइलमध्ये लिहितो."

"मोबाइलमध्ये नको. दारावर लिही. मोठ्या अक्षरात."

"लिहितो. आधी बघा तरी."

क्लेमेंट घोडीच्या डाव्या खांद्याशी गेला. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच तो वास, ती गरम कातडी, कातडीखालून सरकणारी शिरशिरी. त्याने खांद्यावर हात ठेवला, चुचकारलं, हात खाली आणला, कोपरापर्यंत, गुडघ्यापर्यंत. पुढे नळी होती, आणि नळीखाली तो सांधा, जिथे जरा थांबायचं असतं. तिथपर्यंत जायला वाकायला हवं होतं, आणि वाकायला गुडघा हवा होता. त्याचा गुडघा अर्ध्या वाटेत अडला आणि तिथेच थांबला. हात घोडीच्या गुडघ्यावर, दुसरा स्वतःच्या, आणि ना वर ना खाली, असा तो अडकून राहिला.

"खंडू," तो खालमानेने म्हणाला, "एखादं स्टूल आण रे."